ऑगस्टची परीक्षा

ट्रेंट कुबिकने मनगटाला पट्टा पुन्हा बांधायला सुरुवात केली, तेव्हा त्याला खेळ सोडून एकवीस वर्षं झाली होती. कॉलेजात असताना हा पट्टा तो डाव्या हातावर उघडा मिरवायचा. अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकचा मानच तो. पट्ट्याला प्लॅस्टिकचं झाकण, झाकणाखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर आकड्यांनिशी सगळे डाव. बाकीच्या दहा जणांना आपापलं काम कळलं की भागतं. चेंडू हातात घेऊन उभ्या राहणाऱ्या क्वार्टरबॅकला अकराही जणांचं काम पाठ असावं लागतं, आणि तेही सव्वाशे किलोचा गडी अंगावर धावून येत असताना. आता तोच पट्टा शर्टाच्या बाहीखाली असायचा आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं: १. गाडी उत्तरेच्या आवारात. २. काट्यावरचा नवा माणूस, नाव वेंडेल. ३. गोळी घेतली का? ४. टेटचा सराव तीनला.

टेट हा त्याचा एकुलता एक मुलगा. त्याच गावात, त्याच कॉलेजात, त्याच जागेवर खेळायला यंदा लागलेला.

प्लम फोर्क हे नेब्रास्कातलं गाव म्हणजे चार चर्च, एक को-ऑपचं धान्याचं कोठार आणि नऊशे पोरांचं कॉलेज. फुटबॉलचं मैदान गावच्या टोकाला, लाकडी फळ्यांच्या बाकांचं. दक्षिणेच्या गोलखांबामागे कुंपण नाही, सरळ मका सुरू होतो. मोसमात चेंडू त्यात गेले की जातात, आणि ऑक्टोबरात कापणीला शेतकरी एकेक आणून देतो. असल्या कॉलेजातून कोणी पुढे टीव्हीवरच्या संघात जात नाही. इथे खेळायची शिष्यवृत्तीही मिळत नाही. हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक असतं, तरी डोकी फुटेस्तोवर खेळतात. का, ते त्यांनाच विचारावं. सांगतील अशी खात्री नाही.

ट्रेंट चार वर्षं खेळला. अडतीस सामने, तेवीस विजय. जिमच्या बोळात लावलेल्या फलकावर त्याचं नाव अजून आहे, वरून दुसरं. खांदा काही फार बळकट नव्हता, पाय तर बेताचेच. पण डोकं! म्हातारे कोच त्याला डावांच्या वहीचं पान एकदा दाखवायचे, वही मिटायचे आणि म्हणायचे, "सत्तेचाळीसमध्ये डावीकडचा गडी काय करतो?" ट्रेंट सांगायचा. त्या गड्याला स्वतःला आठवत नसायचं, ह्याला आठवायचं.

आणि हाच ट्रेंट दर ऑगस्टात स्मरणशक्तीच्या परीक्षेत सगळ्या टीममध्ये शेवटचा यायचा.

ती परीक्षा टीमच्या दुखापती बघणारा ट्रेनर वर्न स्टोल्टे घ्यायचा. मोसम सुरू व्हायच्या आधी एकेकाला संगणकापुढे बसवायचं. पडद्यावर बारा शब्द यायचे, काही आकृत्या यायच्या, आणि वीस मिनिटांनी विचारायचं, काय काय आठवतं? पुढे मोसमात कोणाच्या डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. ऑगस्टपेक्षा कमी आलं तर बाकावर बसायचं, डोकं ताळ्यावर येईपर्यंत. नियम चांगला होता. पण बाकावर बसायला कोणाला आवडतं? म्हणून पोरांनी त्यातून वाट काढली होती: ऑगस्टातच मुद्दाम ढ व्हायचं. मुळात पाच शब्द आठवले असतील तर मार खाल्ल्यावरही पाच आठवतात. झालं काम.

ही विद्या सीनियर पोरं नव्यांना शिकवायची, परीक्षेच्या आदल्या रविवारी, कोणाच्या तरी गॅरेजात. मोठ्या पातेल्यात घेवड्याची आणि खिम्याची तिखट चिली, आणि तिच्याबरोबर, त्या भागाची रीतच आहे, गोड सिनॅमन रोल. त्या जेवणाला 'ढ मंडळींची पंगत' म्हणत. एक रोल मुद्दाम मागे ठेवायचा. सोमवारी ज्याचे मार्क सगळ्यात कमी, तो त्याला. ट्रेंटने तो रोल चारही वर्षं खाल्ला. "आमचा क्वार्टरबॅक म्हणजे अकलेचा खंदक!" म्हणून पोरं नाचायची, आणि तोही नाचायचा.

मार किती खाल्ले याचा हिशोब कोणी ठेवला नाही. वर्नने पुन्हा परीक्षा घेतली असे सात. सातही वेळा ट्रेंट पास. तिसऱ्या वर्षी साउथ डकोटातल्या एका सामन्यात तो उठला तेव्हा त्याला गाव कुठलं ते आठवत नव्हतं. त्याच्या हातात चेंडू देणारा सेंटर, हॅम, दीडशे किलोचा देवमाणूस. त्याने ट्रेंटच्या जर्सीला धरून त्याला उलटा फिरवला. "तिकडे, राजा, तिकडे. आपल्याला तिकडे जायचंय." ट्रेंट तिकडे गेला आणि त्यांनी सामना जिंकला. हा किस्सा पुढे वीस वर्षं गावात सांगितला गेला, आणि वीस वर्षं लोक पोट धरून हसले.

कॉलेज संपलं. मार्लाशी लग्न झालं, को-ऑपच्या वजनकाट्यावर नोकरी लागली. मक्याचे ट्रक यायचे, हा वजन करायचा. दुपारी तीनला मैदानावर जाऊन नव्या क्वार्टरबॅकांना फुकट शिकवायचा. आणि पंगत? ती त्याच्याच गॅरेजात आली. पातेलं त्याचं, रोल मार्लाच्या हातचे, भाषणही त्याचंच. मुख्य कोच त्या रविवारी न चुकता सासुरवाडीला जायचा. सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणीच काही पाहिलेलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात ट्रेंटने एकाच ट्रकचं वजन लागोपाठ दोनदा केलं. ड्रायव्हर म्हणाला, "काय रे, रात्री जास्त झाली का?" ट्रेंट हसला. मार्चमध्ये तो हॅमच्या बायकोला तिच्या सासूच्या नावाने हाक मारून गेला. एप्रिलच्या एका संध्याकाळी कामावरून निघून तो भलत्याच घरी गेला. लग्नानंतर भाड्याने घेतलेलं घर ते, सोडून चौदा वर्षं झालेली. कुलपात किल्ली फिरेना म्हणून दार ठोठावायला लागला. आतून एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली. तिने त्याला ओळखलं, गावच लहान. तिने मार्लाला फोन केला आणि मार्ला येईपर्यंत त्याला पायरीवर कॉफी दिली. त्या पायरीवर बसून ट्रेंटला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

जुलैमध्ये मार्ला त्याला ओमाहाला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. डॉक्टर सँडोव्हाल भली बाई. तिने चार तास तपासलं आणि मग विचारलं, "तुम्ही कॉलेजात खेळत होता ना? तेव्हाचा स्मरणशक्तीचा एखादा कागद मिळेल का? आधी किती होतं ते कळलं तर आता किती उरलंय ते कळेल."

मार्लाने कॉलेजात फोन केला. कागद मिळाला. वर्न कागद टाकून देणाऱ्यातला नव्हे.

डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. एकोणिसाव्या वर्षी बारातले पाच, आज बारातले सहा. आकृत्यांचंही तसंच. तिचा चेहरा खुलला. "मिसेस कुबिक, यात घसरण दिसत नाही. काहींची स्मरणशक्ती मुळातच बेताची असते. वय, कामाचा ताण, अपुरी झोप, त्याने ते जाणवायला लागतं. सहा महिन्यांनी या."

गाडीत बसल्यावर मार्लाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मुळातच बेताची म्हणे! आणि मी वेडी, चार महिने झोपले नाही. चल, काहीतरी गोड खाऊ."

हायवेवरच्या हॉटेलात त्यांनी चेरी-पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, खाल्ला. ट्रेंट समोर बसून तिच्याकडे पाहत होता. तो कागद खोटा होता. हे साऱ्या जगात ठामपणे सांगू शकेल असा एकच साक्षीदार होता, आणि तोच साक्षीदार विसरायला लागला होता. सांगावं असं त्याच्या ओठावर आलं. पण मार्ला इतक्या महिन्यांनी पोटभर खात होती. आणि खरं सांगायचं तर त्यालाही त्या कागदावर विश्वास ठेवायचा मोह झाला. न जाणो, असेन मी मुळातच ढ. घरी आल्यावर मार्लाने कागद मक्याच्या कणसाच्या चुंबकाने फ्रिजवर लावला.

ऑगस्ट लागला आणि टेट पहिल्यांदा कॉलेजची जर्सी घालून स्वयंपाकघरात उभा राहिला. खांदे बापासारखेच अरुंद, हसणं आईचं. त्याला बघताक्षणी ट्रेंटने दिवस मोजले. सोमवारी परीक्षा. रविवारी पंगत, आपल्याच गॅरेजात. स्वतःचं झालं ते झालं, पण ह्या पोराच्या नावाने खोटा कागद होता कामा नये. तसा कागद झाला की मग किती का मार बसेना, पोर पासच होत राहणार. त्याने ठरवलं, यंदाचं भाषण वेगळं करायचं. चिठ्ठीवर आता सहा ओळी झाल्या होत्या; बाथरूमचं दार लावून त्याने सातवी लिहिली: पोरांना खरं सांग. परीक्षा नीट द्या म्हणावं.

रविवारी गॅरेजात सव्वीस नवी पोरं घडीच्या खुर्च्यांवर, उलट्या बादल्यांवर बसली होती. चिलीचा तिखट वास, रोलवरची साखर वितळलेली. मागे दाराशी टेट आणि हॅम. ट्रेंट सातव्या ओळीवर बोट फिरवून आला, हातात पळी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पोरांनो, उद्या वर्न तुम्हाला बारा शब्द दाखवील."

पुढचं सगळं सरळ निघालं. कित्येक महिन्यांत त्याला चार वाक्यं सलग बोलता आली नव्हती. नाव अडायचं, शब्द अडायचा. आज काहीच अडलं नाही. पोरं हसली, टाळ्या पडल्या, कोणीतरी बादली बडवली. एवढ्या गंभीर गोष्टीला हसतात काय, असं त्याला वाटून गेलं, पण म्हटलं वयच तसलं. हॅम एकटा हसत नव्हता. तो आपल्या रोलकडे बघत होता. पोरं गेल्यावर ट्रेंटने सातव्या ओळीवर रेघ मारली. छातीवरचा दगड उतरला. त्या रात्री तो गाढ झोपला.

आठवडा चांगला गेला. शनिवारी पूर्ण कवचं चढवून पहिला खरा सराव होता. ट्रेंटला त्या दिवशी को-ऑपवरून सुटता आलं नाही. संध्याकाळी सहाला तो घरी आला तेव्हा मार्ला बटाट्याचं कॅसेरोल ओव्हनमधून काढत होती आणि टेट टेबलापाशी बसला होता, डोळे अर्धे मिटून.

"मॉम, तो दिवा बंद कर ना. केवढा डोळ्यात जातोय."

मार्लाने दिवा बंद केला. "डोकं दुखतंय का रे?"

"काही नाही गं. एकाने मागून धरलं, आपटलो जरा. वर्नने लगेच परीक्षा घेतली. पास!" टेट हसला. "पास कसला, सोमवारपेक्षा दोन शब्द जास्तच आले. वर्न म्हणाला, मंगळवारपासून ये."

ट्रेंटचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला. डोक्याला मार बसल्यावर उजेड डोळ्यात जातो म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"टेट, सोमवारी परीक्षा तू नीट दिली होतीस ना?"

"नीट म्हणजे?"

"म्हणजे नीट. जेवढं आठवतं तेवढं सांगितलंस ना?"

टेटने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "डॅड, चेष्टा करतोयस का? शेवटचा रोल मला मिळाला! तुझ्यासारखेच पाच. हॅमकाका म्हणाला, खाण तशी माती."

"मी तुम्हाला सांगितलं होतं नीट द्या म्हणून. रविवारी. सगळ्यांना सांगितलं."

"तू?" टेटने आईकडे पाहिलं. "डॅड, तू तर कमाल केलीस रविवारी. पोरं अजून बोलतायत. थांब, माझ्याकडे आहे ते."

त्याने खिशातून फोन काढला, डोळे बारीक करून शोधलं आणि टेबलावर ठेवला. फोनमधून ट्रेंटचाच आवाज आला, खणखणीत, वीस वर्षांच्या पोराचा असावा तसा. 'पोरांनो, उद्या वर्न तुम्हाला बारा शब्द दाखवील. पाच लक्षात ठेवा, सात गाडून टाका. गाडलेले ऑक्टोबरात उकरायचे. उद्या जो हुशार, तो मोसमभर बाकावर. उद्या जो ढ, तो मैदानावर!' मग हशा, आणि बादलीचा आवाज.

ट्रेंट उभ्याउभ्याच ऐकत होता. वीस वर्षं दर ऑगस्टात केलेलं भाषण. नवं विसरलं होतं, जुनं तेवढं शाबूत राहिलं होतं आणि त्यानेच तोंड उघडलं होतं. पट्ट्यावरच्या सातव्या ओळीवर मात्र रेघ होती, त्याच्याच हातची.

"मार्ला," तो म्हणाला, "वर्नला फोन लाव. आत्ता लाव. उद्यावर ठेवलंस तर हे माझ्या डोक्यात राहील की नाही ते मला सांगता येत नाही."

"झालं काय पण?"

"टेटला खेळू द्यायचं नाही. त्याचा कागद खोटा आहे."

"डॅड!" टेट ताडकन उठला आणि लगेच टेबल धरून बसला. "तू असं काही करायचं नाहीस! वर्नने पास केलंय मला. तुला काय आठवतंय काय नाही याचा तुलाच पत्ता नसतो, आणि चाललाय माझा मोसम घालवायला! डॉक्टर तरी म्हणाली ना, तू पहिल्यापासूनच असा आहेस?"

"टेट!" मार्ला ओरडली.

"नाही," ट्रेंट म्हणाला. "मी पहिल्यापासून असा नव्हतो."

त्याने फ्रिजकडे बोट केलं. "तो कागदही खोटा आहे. पहिल्या वर्षीचा. बादली, लिंबू, शिडी, कोट, पूल, बदक, साखळी, दिवा, टोपी, नांगर, चमचा, धूर. बाराच्या बारा आठवत होते मला. अजून आठवतात. त्यातले शिडी, बदक, साखळी, दिवा, टोपी, नांगर, धूर मी गाडले. सात. मोज."

मार्लाने मोजलं नाही. ती ओव्हनचे हातमोजे घातलेल्या हातांनी तशीच उभी राहिली. वीस वर्षं ती या माणसाबरोबर राहिली होती. लग्नाआधी त्याने तिला एकदा तिच्याच बहिणींचे वाढदिवस पाठ म्हणून दाखवले होते, आणि ती भाळली होती ती त्यालाच. ओमाहाहून येताना हे तिच्या मनात आलंच नव्हतं. किंवा आलं होतं आणि तिने त्या चेरी-पायच्या घासाबरोबर गिळलं होतं. तिने मोजे काढले आणि वर्नला फोन लावला.

ट्रेंटने फोन घेतला आणि एका दमात सांगून टाकलं, टेटचं आणि स्वतःचंही.

"वर्न? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय." म्हाताऱ्याचा आवाज खाली गेला होता. "ट्रेंट, सगळे डाव तोंडपाठ असलेल्या क्वार्टरबॅकला बारातले पाचच शब्द आठवतात, हे मला कधी खरं वाटलं असेल असं वाटतं तुला?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही जिंकत होतात," वर्न म्हणाला. आणि मग, "पोराला अंधाऱ्या खोलीत निजवा. उद्या सकाळी मी स्वतः त्याला ओमाहाला घेऊन जातो. यंदाचा मोसम त्याने विसरावा."

फोन स्पीकरवर होता, टेटने ते ऐकलं. त्याचे डोळे भरून आले होते, उजेडाने की कशाने कोण जाणे. कॅसेरोल टेबलावर निवत चाललं होतं.

मार्ला फ्रिजपाशी गेली. तिने कणसाचं चुंबक काढलं, कागद हातात घेतला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चार घड्या करून ड्रॉवरमध्ये टाकला. मग ती सिंककडे तोंड करून उभी राहिली आणि नळ नुसताच सोडून ठेवला.

टेटने बाह्यांनी डोळे पुसले. त्याचा राग उतरला होता, आणि राग उतरल्यावर तो अगदी लहान दिसायला लागला होता.

"डॅड, तेव्हा तुला बाराच्या बारा आठवायचे?"

"हो."

"आणि ते कुठेच लिहिलेलं नाही?"

"कुठेच नाही."

"मग आत्तापर्यंत किती गेलंय?"

मार्लाने नळ बंद केला. ट्रेंटने सवयीने बाही वर सारली आणि पट्ट्याचं झाकण उघडलं.